सहा खटक्यांचं अंतर

माझी नात रोज दुपारी एक वाजता घरातल्या घरात परदेशात जाते. उठून कुठं जात नाही. पुढच्या खोलीत खुर्ची ओढते, कंपनीनं दिलेला लॅपटॉप उघडते, एक बटण दाबते. मग त्या मशीनला विचारलं की ही पोरगी कुठं बसलीय, तर मशीन कोसाड सांगत नाही, सुरतही सांगत नाही. तिनं मला पहिल्यांदा नकाशा दाखवला तेव्हा निळा ठिपका समुद्राच्या पार पलीकडे कुठंतरी होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून पाहिला. खांदा गरम होता.

ती म्हणाली, याला व्हीपीएन म्हणतात. भुयार समज. एक तोंड आपल्या घरात, दुसरं तोंड कंपनीत, आणि मधून काय जातं ते बाहेरच्याला दिसत नाही. तिकडच्या दवाखान्यांची बिलं हिच्याकडे तपासायला येतात, त्यात लोकांची आजारपणं लिहिलेली असतात, म्हणून सगळं झाकून आणायचं, झाकून न्यायचं. ते मला पटलं. आजारपण लोक झाकूनच ठेवतात. ठिपक्याचं मात्र काही पटलं नाही. तेव्हापासून एक वाजून गेला की मी तिच्या खोलीत जायच्या आधी दाराला टकटक करते. नात माझी, दुपटी मी धुतलीत तिची, तरी टकटक करते. आत गेल्यावर ती मान वर करून माझ्याकडे बघते, पण डोळे यायला थोडा वेळ लागतो.

मी काही शिकलेली बाई नाही. तिसरीतून काढून धाकट्या भावाला सांभाळायला बसवलं. लग्न झालं तशी धुळ्याकडून सुरतला आली. नवरा लूमच्या खात्यात होता. खातं म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत मशीनच मशीन, आणि आवाज एवढा की शेजारचा माणूस मेला तरी पडल्याचं ऐकू येणार नाही. मी घरी बॉबिन भरायची, मग साड्यांचे धागे कापायची, मग जरीच्या बॉर्डरी. नवरा चाळिशी बघून गेला. मुलगा मोठा झाला, कामाला लागला, तोही गेला, ते पुढं सांगते. सून दोन वर्षं थांबली, मग तिच्या माहेरच्यांनी तिचं दुसरीकडे लावून दिलं. मी अडवलं नाही. तिचं वय काय होतं. पोरगी सहा वर्षांची, ती माझ्याकडे राहिली. तेव्हापासून आम्ही दोघी. कोसाडच्या सरकारी आवासचा तिसरा माळा, दोन खोल्या, मागच्या खोलीला एक खिडकी, ती खाली आवारात उघडते.

तर गेल्या वर्षी नवरात्र झाल्यावर तिच्या कामात अडायला लागलं. बिल उघडायला गेली की मशीन गोल गोल फिरत बसायचं. मीटिंग असायची त्यात तिचं तोंड अर्ध्यात थांबून जायचं. मी एकदा तिच्या मागून गेली तर स्क्रीनवर तिचा फोटो थिजलेला होता, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, आणि ती मात्र खुर्चीत बसून पेन शोधत होती. तसं तोंड मी घरात दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा वरून चादर ओढावी लागली. मी तिथून निघून आली.

पुण्याच्या ऑफिसमधून तिची मोठी मॅडम बोलली. चांगलं बोलली म्हणे, ओरडली नाही. पण सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत घरची लाइन सुधारली तर ठीक, नाहीतर पुण्याला यायचं, ऑफिसात बसायचं, राहायला मुलींचं हॉस्टेल आहे. आणि यायचं नसेल तर मग काम सोडायचं. नातीनं हे मला संध्याकाळी सांगितलं. मी भेंडी चिरत होती. चिरत राहिली. तिनं विचारलं, ऐकलंस ना. मी म्हटलं, ऐकलं.

काम सोडायचा प्रश्नच नव्हता. पंधरा वर्षं मी सुई दोऱ्यानं डोळे फोडून घेतले ते तिनं धागे कापायला बसू नये म्हणून. म्हणजे आता दोनच गोष्टी. लाइन सुधारते, नाहीतर पोरगी जाते.

नेटवाल्या भाईला बोलावलं. आमच्याच बाजूच्या बिल्डिंगीत राहतो, सगळ्या आवासला त्याच्याच वायरी. तो आला, वर बघितलं आणि दारातच हसायला लागला. म्हणाला, "माजी, आने शाल कोणे ओढाडी?"

शाल मीच घातली होती. तो नेटचा डबा, राउटर म्हणतात त्याला, मुलाच्या फोटोच्या खाली खिळ्याला लावलेला आहे. त्याला पाच हिरव्या लाइटी. त्या लुकलुकतात. घरात सगळे असले तर समजू शकते, कोणी काही बघतंय. पण दुपारी मी एकटी असायची, पोरगी कॉलेजात असायची तेव्हाची गोष्ट, कोणी काही लावलेलं नाही, आणि तरी तो डबा आपला लुकलुक, लुकलुक. थांबायचा, मग परत भराभरा. कोणाशी तरी बोलतोय असं. मुलाच्या फोटोच्या काचेत त्या लाइटी दिसायच्या, बरोबर डोळ्यांच्या जागी. एक दिवस मी पेटी उघडली, जरीच्या बॉर्डरीचे जुने तुकडे काढले, जाड तांब्याच्या तारेची जरी, आता तशी मिळत नाही, आणि दुहेरी करून त्याला टोपरं शिवून घातलं. दिसायला पण छान, धूळ पण नाही. नात तेव्हा म्हणाली होती, आजी, देवाला केलं असतंस तर बरं. तीन वर्षं झाली त्याला.

भाई म्हणाला की डबा जुना झाला. नवा आलाय, त्याला चार शिंगं, तो घ्या, भुयार-बियार सगळं धावेल. मी विचारलं, धावेल म्हणजे नक्की? तो म्हणाला, माजी, नवं ते नवं. मग स्वतःच म्हणाला, माझ्याकडे एक पडलाय, चार-पाच दिवस लावून बघा, पटला तर ठेवा. चांगला माणूस आहे. डबा ठेवून गेला, वायर ठेवून गेला.

नात तर लगेच स्टुलावर चढली. जुना काढते, नवा लावते, झालं. मी म्हटलं, खाली उतर.

माझा नवरा खात्यात बोलायचा कमी, पण एक गोष्ट त्यानं मला जेवता जेवता शंभरदा सांगितली असेल. कापडात पट्टा पडायला लागला की नवीन पोरगा काय करतो, घाबरून धोटा बदलतो, तार बदलतो, बॉबिन बदलतो, सगळं एकदमच. पट्टा जातो. मालक खूश, पोरगा खूश. आठ दिवसांनी पट्टा परत येतो आणि आता कोणालाच माहीत नाही की गेला होता कशानं. म्हणून एका टायमाला एकच वस्तू बदलायची, हातभर कापड विणून बघायचं, मग दुसरी. त्याचा ताका कधी परत आला नाही.

मी नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आजी, हे लूम नाही." मी म्हटलं, नसेल. पण शनिवारी तुझं जायचं-राहायचं याच्यावर आहे ना, मग चार दिवस माझ्या पद्धतीनं कर.

आता मोजायचं कसं. स्पीड दाखवणारं एक पान असतं, काटा फिरतो त्यात. पण कंपनीच्या लॅपटॉपवर ते पान बंद करून ठेवलंय, आणि तिच्या स्वतःच्या फोनवर उघडलं तर भुयार त्यात नसतंच. म्हणजे रस्ता मोजता येतो, भुयार मोजता येत नाही. मग तिलाच सुचलं. ती पुढच्या खोलीत लॅपटॉपवर बसणार, भुयारातून. मी मागच्या खोलीत, दार लोटून, माझा फोन घेऊन, त्यात सिमचं नेट. दोघी एका मीटिंगमध्ये. ती एक वाक्य बोलणार. ते मला भिंतीतून ऐकू येणार, आणि मग तेच भुयारातून फिरून माझ्या हातातल्या फोनवर येणार. दोन्हीच्या मधलं अंतर मी मोजायचं.

घड्याळ नको म्हटलं. माझ्या अंगात खात्याचे खटके आहेत, खट, खट, खट, इतकी वर्षं झाली तरी एक कमी-जास्त होत नाही. मी खटके मोजेन. वेळ ठरवली चार वाजताची, तिच्या चहाच्या सुट्टीत. रोज चारच. तिनं विचारलं, कधीही का नाही. म्हटलं, दुपारचं कापड आणि सकाळचं कापड एक नसतं.

पहिल्या दिवशी काही बदललं नाही. जुना डबा, टोपरं तसंच. ती पुढं, मी मागं. घरात आम्ही आमच्या धुळ्याकडच्या बोलीत बोलतो, बाहेर ती गुजरातीच बोलते. भिंतीतून तिचा आवाज आला, "ऐकू येस का, आजी?" मी मोजायला लागली. एक, दोन, तीन. फोन गप्प. सात, आठ. अकराला फोनमधून तीच बोलली, त्याच सुरात, "ऐकू येस का, आजी?" मी म्हटलं, येस.

असं ऐकायला नको वाटतं. माणूस एकदा बोललंय, तुम्ही ऐकलंय, ते संपलंय. आणि मग तेच परत. पहिलं वाक्य खरं वाटत नाही मग. आम्ही पाच-सहा वेळा केलं, दर वेळी अकरा, कधी बारा. मी तिला ओरडून सांगत होती, ती लिहून घेत होती.

मग मी विचारलं, तू नीट बसलीयस ना मशीनच्या जवळ. भिंतीतून उत्तर आलं, "मी आठेच शे." मी इथंच आहे. मी मोजायला लागली. अकरा झाले, फोन गप्प. वीस झाले. फोनवरचं तिचं चित्र थिजलं. चाळीस. मी सोडून दिलं मोजायचं. तेवढ्यात खाली कोणीतरी हाक मारली, गॅसवाला होता. पुढचं दार वाजलं, जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. मी खिडकीत गेली. ती खाली आवारात पोचली होती, ओढणी सावरत गॅसवाल्याला पुस्तक दाखवत होती. ऊन होतं. मी तिला वरून बघत होती, आणि माझ्या हातातून ती बोलली.

"मी आठेच शे."

घरात कोणी नव्हतं. पुढच्या खोलीत खुर्ची रिकामी. मी जाऊन बघितलं, टकटक न करता.

मुलाचं आता सांगते. तो इच्छापोरच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर होता. त्या दिवशी सकाळी गेला आणि दुपारी शेजारणीनं सांगितलं की तिकडं काहीतरी झालंय, टाकीच्या कामात. मी ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, काळजी करू नका, तो इथंच आहे. द्या मग फोन त्याच्याकडे. आत्ता कामात आहे. तासानं परत लावला. इथंच आहे, माजी, आराम करतोय. तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. सून पोरीला कडेवर घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी दर वेळी फोन ठेवून तिला सांगत होती, इथंच आहे म्हणतात. संध्याकाळी त्यांनी खरं सांगितलं. सकाळी दहालाच त्याचा जीव गेला होता. ठेकेदार खोटं बोलत नव्हता म्हणा एका परीनं. तिथंच होता तो. दिवसभर मी त्याचा भात झाकून ठेवला होता.

ठेकेदारानं तसं का केलं ते मला नंतर कळलं. वेळ हवा होता त्याला, कागद नीट करायला. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. पण त्या चार-पाच तासांत मी आणि सुनेनं जे दोन घास खाल्ले, जे एकमेकींना धीर देत बोललो, ते मला आजही गिळलेलं बाहेर काढावंसं वाटतं.

नात वर आली, सिलेंडर ठेवून घेतला. मी तिला सांगितलं की तुझा आवाज मागून आला. ती म्हणाली, अडकला असेल मध्ये कुठंतरी, मग सुटला. असेल. तिनं वहीत लिहिलं आणि परत कामाला बसली. मी त्या दिवशी फोन उशाशी नाही ठेवला, डब्यात ठेवला, पिठाच्या.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढली तर नवा डबा हातात. मी म्हटलं, थांब, जुना काढायचा तर आधी टोपरं काढावं लागेल ना. म्हणजे दोन वस्तू बदलल्या. आधी टोपरंच काढ. आज तेवढंच. ती वैतागली, कपड्यानं काय होतंय, म्हणाली, एक दिवस जाईल फुकट. पण काढलं. आतून डबा हाताला चटका देईल असा गरम होता.

चार वाजता मी मागं बसली. "ऐकू येस का, आजी?" एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि फोन बोलला. परत केलं. सहा. परत. सहा.

ती धावत आत आली. टोपरं हातात घेऊन उलटंपालटं करून बघायला लागली. म्हणाली, "तांबं आहे हे! आजी, तू तीन वर्षं त्याला धातूच्या डब्यात कोंडलं होतंस." आणि मग बसून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी पण हसली. जरीचं काम मी केलं, जरी मी निवडली, टाका मी घातला. तीन वर्षं हिचं बोलणं माझ्याच हातच्या कापडात अर्धं अडकत होतं.

पण एक गोष्ट तिच्या तेव्हाच लक्षात आली. त्या दिवशी नवा डबा लावला असता, टोपरं काढून, तर अकराचे सहा झाले असते आणि आम्ही म्हटलं असतं, बघ, नव्या डब्यानं झालं. नेटवाल्या भाईनं पण तेच म्हटलं असतं. तिनं वहीत त्याच्याखाली रेघ मारली.

पण सहा काही पुरत नव्हते. तिनं मॅडमशी मीटिंग करून बघितली, बोलणं अजून एकमेकांच्या अंगावर पडत होतं. बिल उघडायला अजून वेळ. पहिल्यापेक्षा बरं, पण शनिवारी पास होईल असं नाही. भुयार सोडून साधं नेट मात्र आता धावत होतं, तिच्या फोनवर काटा पार शेवटाला. भुयार नव्या डब्यानं धावेल असं भाई म्हणाला होता, म्हणजे आता सगळं त्याच्यावर. गुरुवारी तो लावायचा.

गुरुवारी सकाळपासून माझं मन ठिकाणावर नव्हतं. वाटत होतं, यानं कमी होऊ दे. तीन होऊ दे, दोन होऊ दे. अंघोळ करताना पण मी खटके मोजत होती. मग दुसरा एक विचार आला आणि तो जाईना. मोजणार मी आहे. ती पुढच्या खोलीत, मी मागं, दार लोटलेलं. फोन माझ्या हातात. किती खटके झाले ते या घरात मला एकटीला माहीत. मी तीन म्हटलं तर तीन. ती मॅडमला कळवेल की नवा डबा घेतला, सुधारलं. पुढं कधी अडलंच तर महिना, दोन महिने जातील. दोन महिने पोरगी घरात. त्याच्यानंतरचं त्याच्यानंतर.

मी हे ठरवलं नव्हतं. पण टाकलं पण नव्हतं.

चार वाजता मी मागच्या खोलीत खाटेवर बसली. नवा डबा फोटोखाली लागला होता, त्याच्या लाइटी निळ्या. दार लोटलं. भिंतीतून तिचा आवाज आला, आज थोडा दबका. "ऐकू येस का, आजी?"

एक. दोन. तीन. तीनला मी श्वास धरला. चार. पाच. सहा.

"ऐकू येस का, आजी?"

परत करायला सांगितलं. सहा. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा पण सहा, एवढं बरोबर की जसं कोणी पलीकडे बसून मोजून सोडतंय. नवा डबा, जुना डबा, त्याला फरकच नाही. ते जे काही होतं ते आमच्या घरात नव्हतं. ते त्या भुयारात होतं, दूर, जिथं माझा हात पोचत नाही.

तिनं पुढून विचारलं, "किती?"

मी फोनकडे बघितलं. फोनवर तिचं चित्र होतं, ती खाली बघत होती. मग सहा खटक्यांनी फोनमधून पण तिनं विचारलं, "किती?" म्हणजे एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर द्यायचं होतं मला. तोंडात तीन होतं. जीभ टाळूला लागली होती तीनसाठी. आणि मला तो ठेकेदार आठवला नाही, खरं सांगते, मला सुनेचं तोंड आठवलं, मी फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघणारं.

मी म्हटलं, "सहाच. काही कमी नाही झालं."

पुढच्या खोलीत पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. ती आत आली आणि माझ्याजवळ खाटेवर बसली. वही तिच्या हातात होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

मला कळलं नाही. तिनं वही दाखवली. रोजच्या माझ्या आकड्यांच्या समोर तिचे स्वतःचे आकडे होते, सेकंदात. मी येस म्हणते ते तिला भिंतीतून ऐकू येत होतं आणि लॅपटॉपमधून उशिरा येत होतं. माझा पण आवाज तिच्याकडे फिरून जात होता. तीही मोजत होती, पहिल्या दिवसापासून. मला हे सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं की फक्त मीच ऐकतेय.

मी विचारलं, "मग मला कशाला विचारलं?"

ती म्हणाली, "तू काय सांगतेस ते बघायचं होतं."

"आणि कमी सांगितलं असतं तर?"

"तर मीही कमीच लिहिलं असतं," ती म्हणाली. "रात्रीच ठरवलं होतं. मग दोघी मिळून बुडलो असतो."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. हलकाच. ती म्हणाली, घाल अजून एक.

शुक्रवारी तिनं अजून एक करून बघितलं, तिच्या मनानं. वायरचं एक टोक डब्यात, एक टोक सरळ लॅपटॉपमध्ये, मध्ये हवा पण नको. सहा. मग संध्याकाळी तिनं मॅडमला आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्यांना सगळं लिहून पाठवलं. टोपऱ्याचं पण लिहिलं. एवढे दिवस, रोज चार वाजता, एका टायमाला एकच वस्तू बदलली, जुना डबा, नवा डबा, वायर, आणि शेवटचं अंतर हलत नाही, तर तुमच्या टोकाला बघा. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, माझं नाव नाही ना टाकलं. ती म्हणाली, आजी असं लिहिलंय.

शनिवारी दिवसभर काही आलं नाही. रविवारी तिनं बॅग काढून खाटेवर ठेवली, भरली नाही. मी तिचे दोन ड्रेस इस्त्री केले आणि बॅगेशेजारी ठेवले. मी तिच्यासाठी कळण्याची भाकर केली, ती म्हणाली खोबऱ्याची चटणी कुठाय, मी म्हटलं संपली, ती म्हणाली मग काय उपयोग.

सोमवारी उत्तर आलं. भुयाराचं दुसरं तोंड नवरात्राच्या सुमारास हिच्यासाठी चुकीच्या ठिकाणी लावलं गेलं होतं, पार दुसऱ्या खंडात, कोणाच्या तरी हातून. ते काढून मुंबईला लावलं. मॅडमनं लिहिलं होतं की पुण्याला यायची गरज नाही, घरून चालेल. आणि खाली एक ओळ होती, ती नातीनं दोनदा वाचली. इच्छा असेल तर पुण्यात जागा मात्र आहे.

तिनं लॅपटॉप माझ्यासमोर धरला. ठिपका आता मुंबईत होता. म्हणाली, बघ, जवळ आली मी.

नेटवाला भाई मंगळवारी आला. त्याचा नवा डबा आम्ही काढून पुसून ठेवला होता, वायर गुंडाळून. त्याला खरं वाटेना. म्हणाला, सगळे ठेवून घेतात, माजी. मी त्याला चहा दिला. जुना डबा उघडाच लावला त्याच खिळ्याला. फोटो दुसऱ्या भिंतीवर हलवला.

बॅग आता खाटेखाली आहे, अर्धी बाहेर. ती आत ढकलायचं तिच्याही मनात आलेलं नाही, माझ्याही. ती जाणार असेल तर मला तोंडानं सांगेल, एवढं मला आता माहीत आहे. मी काय म्हणेन तेही तिला माहीत आहे. पुण्याला थंडी जास्त असते म्हणतात, म्हणून मी एक गोधडी घालायला घेतलीय. दुपारी ती आत काम करते तेव्हा मी बाहेर टाके घालते. साध्या सुताची आहे, जरी कुठंच नाही.